पथारीवरचे पॅड

"मारुतीला शेंदूर फासावा ना, तसं हिनं गाडीच्या ब्रेकच्या डिस्कला तेल चोपडलं!" उदयसिंहांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी ऐकणारा होता पंक्चर काढायला आलेला एक अनोळखी गृहस्थ. "दसऱ्याची पूजा. हळद-कुंकू, हार, इथवर ठीक. पण बाईसाहेबांना डिस्कवर गंज दिसला. मग काय, खोबरेल! आठवड्यात पोरगी आडवी."

तो गृहस्थ हसला. उदयसिंहही हसले आणि दातातली काडी काढून त्यांनी ती गाडीच्या सीटला पुसली. सुनंदानं नजर वळवली.

ती गॅरेजच्या बाकड्यावर पदर आवरून बसली होती. तिला बोलण्यासारखं काही नव्हतंच. तेल तिनंच लावलं होतं. दसऱ्याच्या सकाळी, सोवळ्यात, अनामिकेनं, अगदी बोटभर. मनस्वी रोज त्या गाडीवरून पनवेलहून उरणकडे नोकरीला जायची, कंटेनरच्या रांगांमधून. बापाची जुनी मोटरसायकल लेकीला सांभाळून नेऊ दे, एवढंच मागणं होतं तिचं. आणि आठवड्याच्या आत ट्रेलरनं समोर ब्रेक मारला, मनस्वीनं दाबलेली ब्रेकची मूठ पार आत गेली नि गाडी थांबली नाही. पोरीनं प्रसंगावधान राखून ती रस्त्याकडेच्या खडीत घातली. मनगटावर निभावलं.

एक्स-रेच्या खोलीबाहेर उदयसिंह म्हणाले होते, "तुझं तेल नडलं." त्याच रात्री तिनं मीठ सोडलं. पोरीचं प्लास्टर निघेपर्यंत अळणी खायचं, असं देवासमोर बोलून टाकलं. लोक सांगतात, जिभेला सवय होते. तिच्या जिभेला झाली नाही. बिनमिठाची आमटी घशाखाली उतरवताना डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, बरोबर आहे, हे मला लागायलाच हवं.

काल प्लास्टर निघालं. सोमवारपासून मनस्वी पुन्हा कामावर जाणार होती, म्हणून आज गाडी मागच्या ब्रेकच्या भरवशावर रांगत रांगत इथवर आणली होती. "तू कशाला?" उदयसिंह म्हणाले होते. "मला बघायचंय," ती म्हणाली होती. आपण काय बिघडवलं ते एकदा डोळ्यांनी बघावं, असं तिला फार वाटत होतं.

जीवननं पुढच्या चाकाचे बोल्ट सोडले. हा इथलाच, आगऱ्यांचा मुलगा. उदयसिंहांची गाडी कित्येक वर्षं त्याच्याचकडे येई. त्यानं दोन्ही पॅड काढून तळहातावर धरले नि बाकड्यापाशी आला.

"मावशी, ह्ये बगा. कुठं दिसतंय तेल?"

एका लोखंडी पट्टीवर काळी, खरखरीत वडी चिकटलेली होती. दुसरी पट्टी बोडकी. वडी अख्खीच्या अख्खी सुटून पडली होती, भिजवलेल्या वरण्याच्या सालीतून दाणा निसटावा तशी.

"म्हणजे?"

"म्हंजे तुमचा काय नाय दोष. तेल लागलं असतं तर त्याच दिवशी ब्रेक सुटला असता. तायडी तर पाच-सहा दिवस चालवत व्हती. ह्या पॅडाचं लायनिंग, म्हंजे ही वडीच उकलली. डुप्लिकेट हाय माल." मग तो उदयसिंहांकडे वळला. त्याच्या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं. "साहेब, हे तुमीच आणलेले ना, हायवेच्या पथारीवरनं? मी तेवाच बोललो, हे नको. आणि ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, तेवापण बोललो, की लायनिंगच गेलं असंल."

पंक्चर काढून घ्यायला आलेला गृहस्थ आपल्या चाकाकडे बघू लागला.

सुनंदानं हळूच विचारलं, "दुसऱ्या दिवशी?"

"अगं, तो आपला अंदाज सांगत होता. गाडी न बघता कळतं का काही?"

"पण तुम्हाला ठाऊक होतं."

"हळू बोल. लोक आहेत."

ती हळूच बोलत होती. तिला मोठ्यानं बोलता येतच नसे. तिच्या डोळ्यांपुढे आलं ते जेवणाचं टेबल. काकडीच्या फोडींवर चिमटी चिमटी मीठ भुरभुरणारे हे, बोटं चाटणारे हे. साताऱ्याला बहिणीला फोनवर सांगणारे हे, "सुनंदाचं व्रत कडक हो. तिच्याच पुण्याईनं पोरगी वाचली." समोर ती घास गिळत होती, आणि यांना ठाऊक होतं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगून काय झालं असतं? तू ऐकलं असतंस?" उदयसिंहांनी काडी पुन्हा दातात घातली. "आणि एवढं काय बिघडलं? तुझं बीपी आहे. मीठ सोडलेलं चांगलंच असतं."

राग सुनंदानं पूर्वी पुष्कळदा गिळला होता; त्याची चव तिला माहीत होती. हे वेगळं होतं. दुधात पाल सापडावी आणि ते दूध आपण प्यालो आहोत हे मग कळावं, तशी शिसारी तिच्या अंगावरून गेली. ती उठून नळापाशी गेली, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

परत आली तेव्हा जीवननं काउंटरवर तीन खोकी मांडली होती.

"हा गाडीच्या कंपनीचा, म्हाग. हा मधला, दुसऱ्या कंपनीचा. नि हा लोकल."

"लोकल टाक," उदयसिंह म्हणाले. "वर्षभरात पोरीचं लग्न होईल, गाडी विकायचीच आहे. घेणारा बघेल पुढचं."

सुनंदानं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत ओठांच्या कोपऱ्यात साचलेला तो पांढरा फेस तिला कधी दिसला नव्हता, की दिसूनही तिनं पाहिला नव्हता?

"जीवन, ही गाडी तुझी बहीण चालवत असती, तर कुठले टाकले असतेस?"

"मधले." तो पटकन म्हणाला. "सगळ्यात म्हाग घ्यायची गरज नाय मावशी, जुन्या गाडीला हे भरपूर झाले. पाठीवर नंबर कोरलेला हाय, बगा. खोका सीलबंद. कोणी बनवला ते तरी कळतं."

तिनं खोकं हातात घेतलं, चष्मा वर करून नंबर वाचला, सील नखानं चाचपलं.

"हे टाक."

"अगं, पण मी म्हणतोय ना..."

"जीवन, हे टाक," ती त्याच हळू आवाजात म्हणाली. उदयसिंह रस्त्याकडे बघत उभे राहिले. जीवननं पाना उचलला.

काम झाल्यावर त्यानं बजावलं, "पहिले दोन-चार दिवस ब्रेक कचकन मारू नका. बसू द्या पॅड."

उदयसिंहांनी गाडी सुरू केली. सुनंदा मागे बसली, एका अंगानं, मांडीवर पिशवी घेऊन. वाटेत ते रोजच्यासारखे बोलत राहिले, भाजीचं, सोसायटीच्या पाण्याचं. ती हूं म्हणाली नाही, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

विचुंबे गावाच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. जीवनचं सांगणं विसरून उदयसिंहांनी मूठ आवळली, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"वा! लागतोय की ब्रेक!" ते खूश होऊन म्हणाले. मग त्यांना काहीतरी चुकल्यासारखं झालं. एवढ्या झटक्यानं पाठीवर येणारं तिचं ओझं आलंच नव्हतं. त्यांनी मान जरा वळवली. "खांदा धर ना. पडशील."

"बसलेय नीट," ती म्हणाली.

तिचा हात सीटमागच्या लोखंडी दांडीवर होता. म्हशी सावकाश, शेपट्या हलवत रस्ता ओलांडत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.