पिंजण्याची वंशावळ

१८६४ सालच्या माघात अकोल्यात जानरावांच्या घरी दारं-खिडक्या लावून कापूस पिंजणं चाललं होतं. एरवी हे काम ओसरीवर व्हायचं. पण अमेरिकेत लढाई पेटली आणि कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून जानराव वाऱ्यावर बोंडभर कापूसही जाऊ देत नव्हते. नातवाची गादी घरच्या कापसाची हवी, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं होतं.

गुलाब पिंजारी धनुकलीच्या, म्हणजे पिंजायच्या धनुष्याच्या, ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी मारत होता. खोलीभर बारीक तंतू तरंगत होते. समोर जानरावांचे चिरंजीव वामनराव, सरकारी शाळेतले मास्तर, बोरू घेऊन बसले होते. एका प्राकृत पोथीत त्यांना ‘पिंजइ’ हे क्रियापद सापडलं होतं. त्याची आज हयात असलेली सगळी लेकरं त्यांना गोळा करायची होती. पिंजणं, पिंजण, पिंजारी लिहून झालं होतं.

“अजून सांग, गुलाबभाई.”

“मास्तर, तुमाले गादी पायजे का शबद? दोनी एका दिवसात नाई होत.”

पाळण्याशी वामनरावांची बायको सुभद्रा बसली होती. चार महिन्यांचं बाळ सकाळपासून खोकत होतं. आता त्याच्या श्वासात बारीक शिट्टी वाजत होती.

“ऐकलं का, मी दार उघडते.”

“बाबा ओरडतीन. आन् गुलाबभाई आत्ता कुठं बोलून राह्यला. घडीभर थांब.”

गुलाबनं मोगरी खाली ठेवली. “एक हाये. आमच्यात ‘छाती पिंजली’ म्हंतात.”

“वा! कोन म्हंते?”

“माय म्हने. माहा लहाना भाऊ गेला तवा. बाप घरातच पिंजे, आन् पाळना तिथंच.”

वामनराव मान खाली घालून लिहीत होते. सुभद्रा उठली. बाळाला खांद्यावर टाकून तिनं दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या. वारा आत घुसला. पिंजलेला ढीग उठला आणि तिच्या अंगावरून रस्त्यावर गेला.

“सूनबाई, कापूस चालला!” मागच्या अंगणातून जानराव धावत आले.

“जाऊ द्या, मामाजी.”

ती ओट्यावर बसली. तिनं बाळाच्या पाठीला कान लावला. शिट्टी थांबली नव्हती.

वामनराव बाहेर आले. वाकून त्यांनीही ऐकलं. मग उघड्या दारातून आत गुलाबकडे वळले.

“तुहा भाऊ... किती दिस आजारी होता?”

गुलाब धनुकलीची तात उतरवत होता. त्यानं ती गुंडाळून पिशवीत ठेवली.