चंद्री आणि झटक्याची तार

मंदाबाईंची चंद्री म्हैस दुधाला जितकी गुणी, तितकीच जिभेची लाडावलेली. नवऱ्याच्या, म्हणजे नरहरीभाऊंच्या पानवेलीत दोनदा शिरून तिने वेली तुडवल्या, तेव्हा त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "आता परत शिरली, तर अर्नाळ्याच्या तबेल्यात देऊन टाकीन. मग रडू नको."

मुलगा तेजस बिचारा दोघांच्या मध्ये सापडला. रविवारी येऊन त्याने वेलीभोवती झटक्याची तार ओढली आणि उन्हावर चालणारी पेटी शेवग्याला टांगली. "एकदाच नाक लागू दे, आई. परत फिरकणार नाही. जिवाला काही होत नाही."

"आधी तुझं नाक लावून बघ," मंदाबाई म्हणाल्या.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. मुक्या जनावराला करंट लावायचा, ही कल्पनाच त्यांना सोसेना. चंद्रीला सोडण्याआधी त्या रोज गुपचूप पेटीचं बटण बंद करत. चौथ्या दिवशी चंद्रीने मानेने तार रेटली आणि आत जाऊन निवांत पोट भरलं. नरहरीभाऊंनी आरडाओरडा केला नाही. तबेलेवाल्याला फोन तेवढा केला. टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

चंद्री एवढीशी असताना तिची आई गेली, तेव्हा मंदाबाईंनीच तिला बाटलीने दूध पाजलं होतं. "अहो, बटण मीच बंद करत होते," त्यांनी कबूल केलं.

"मग टेम्पो यायच्या आत शिकव तिला."

सकाळी त्यांनी बटण चालू केलं. पानवेलीत कुणी चपला घालून जात नाही, म्हणून अनवाणीच तारेच्या आत उभ्या राहिल्या. एक हात चंद्रीच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्या हातातलं पिकलेलं केळं तारेजवळ धरलं. चंद्रीने विश्वासाने नाक पुढे केलं. झटका दोघींनाही बसला. मंदाबाई मटकन खाली बसल्या आणि चंद्री हंबरडा फोडत गोठ्याकडे पळाली.

दुपारी नरहरीभाऊंनी तिला वेलीकडे ओढून पाहिलं. दहा हातांवरच तिने पाय रोवले, ती काही केल्या हलेना. भाऊ हसले. टेम्पो रिकामा परत गेला. मंदाबाईंना आनंदाने रडूच आलं.

संध्याकाळी त्या बादली घेऊन गोठ्यात गेल्या. चंद्रीने त्यांचा हात हुंगला आणि दावं ताणून ती भिंतीपर्यंत मागे सरकली. गोंजारलं, नावाने हाक मारली, तरी थरथरत उभी. शेवटी नरहरीभाऊंनी बादली घेतली. त्यांच्याकडे मात्र ती मुकाट उभी राहिली.

याला आता दोन महिने झाले. धार भाऊच काढतात. मंदाबाई पडवीत बसून बादलीतला आवाज ऐकतात. "राहिली ना घरात, तेवढं पुरे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि ते खरंही आहे. पण भाऊ बाजारात गेले की त्या हळूच गोठ्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. चंद्री रवंथ थांबवते, आणि ती मागे सरकायच्या आत मंदाबाई स्वतःच मागे फिरतात.