माझी थरथर कुठून आली

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. रंग कधीकाळी निळा होता. आता कोणी विचारले तर सांगताना मीच जरा अडखळतो. माझ्या पाठीवर लाकडी घोडी बसवली आहे आणि तिला जुन्या गाद्यांचे तुकडे ठोकले आहेत, कारण मी खिडक्यांच्या काचा वाहतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा काच कशी न्यायची, हे मला ठाऊक नव्हते. ते मला माझ्या मालकांनी शिकवले. त्यांचे काचांचे दुकान आहे. खड्डा दिसला की ते मला असे अलगद उतरवत, जणू मागे तान्हे मूल झोपले आहे. वीस वर्षांत माझ्या पाठीवर फक्त तीन काचा फुटल्या. “गाडी नव्हे, माझा उजवा हात आहे,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुशारून जाई.

मग त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि चावी त्यांच्या लेकीकडे आली. ती हाताने हलकी आणि डोक्याने शांत. पहिल्या दिवशी मला सुरू करण्याआधी तिने चारही चाकांभोवती फेरी मारली, तेव्हाच मी म्हटले, आपले बरे जमणार.

पण त्याच महिन्यात मला थरथर सुटली. रिकामा असलो तर फारसे काही नाही. काचा लादल्या आणि वेग चाळीसच्या आसपास गेला, की पोटाखालून कंप उठे, सीटमधून तिच्या पाठीत शिरे आणि घोडीवरच्या काचा थंडीने दात वाजावेत तशा वाजू लागत. एका शाळेसाठी निघालेल्या अकरा काचांपैकी चार वाटेतच तडकल्या.

मालक म्हणाले, तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. तिने पाय जपला, थरथर तशीच. मग म्हणाले, गिअर चुकीच्या वेळी बदलतेस. स्टिअरिंग ती घट्ट आवळून धरू लागली. तिच्या तळव्यांचा घाम मला जाणवे. शेवटी एके सकाळी त्यांनी दुकानासमोर सांगून टाकले: शाळेचे काम संपले की गाडी भंगारात द्यायची आणि तिने गल्ल्यावर बसायचे, गाडी चालवणे तिला जमायचे नाही. भंगार हा शब्द मला लागलाच, पण दुसरे वाक्य जास्त लागले. दुखते कुठे, ते मला ठाऊक होते. पण यंत्राला थरथरण्याखेरीज दुसरी भाषा नसते.

तिने मला एका मेकॅनिककडे नेले. त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. मालकही शेजारी बसून आले. आता तरी हिला पटेल, असे त्यांना वाटत होते. सावकाशरावांनी पान्याला हातही न लावता आधी प्रश्न विचारले. कधी हलते, किती वजनाला, किती वेगाला? मग मला उभ्याउभ्या रेस करून पाहिले. मी गप्प. मग पाठीवर वाळूची पोती टाकून मला रस्त्यावर काढले. लेक चालवत होती, दोघे शेजारी दाटीवाटीने बसले होते. चाळीसला थरथर आली, तशी सावकाशरावांनी तिला क्लच दाबून गिअर काढायला सांगितले. इंजिन मंदावले, मी नुसता घरंगळत राहिलो, तरी थरथर थांबेना. असे तीनदा केले.

“क्लच दाबलाय, गिअर काढलाय, तरी गाडी हलतेय,” सावकाशराव म्हणाले. “पोरीच्या पायाचा ह्यात काही संबंध नाही.”

मालक खिडकीबाहेर पाहू लागले.

परतल्यावर चाके पुढची मागे करून पाहिली, फरक नाही. तेव्हा सावकाशराव माझ्या पोटाखाली शिरले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा माझा लांब दांडा दोन तुकड्यांचा आहे. ते खाचांमध्ये एकमेकांत बसतात, आणि दोन्ही टोकांचे, सांधे धरणारे चिमटे एका रेषेत यावे लागतात, नाहीतर दांडा फिरताना हिसके देतो. माझे चिमटे एका खाचेने सरकले होते. हा दांडा शेवटचा कोणी उघडला, असे त्यांनी विचारले.

चावी लेकीला देण्याच्या आदल्या आठवड्यात मालकांनी स्वतःच हा दांडा काढून त्यातला एक झिजलेला सांधा बदलला होता. गाडी ठणठणीत करून तिच्या हाती द्यायची, म्हणून.

मालक गुडघ्यांवर टेकले, आडवे झाले आणि दिसेना म्हणून बोटांनी चिमटे चाचपले.

“हे मीच बसवलं,” ते म्हणाले. “तेव्हाच नीट दिसत नव्हतं. कुणाला कळू द्यायचं नव्हतं मला. आणि बोल तुला लावले.”

लेक म्हणाली, “उठा बाबा, शर्टाला ग्रीस लागतंय.” आणि तिने हात पुढे केला.

दांडा काढून पुन्हा बसवला. पुढच्या वेळी चूक नको म्हणून दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण लेकीने केली. वाळूची पोती तशीच ठेवून ती मला पुन्हा रस्त्यावर घेऊन गेली. चाळीस आले आणि गेले. शेजारी बसलेले मालक म्हणाले, “अजून थोडी पळव.”

त्या आठवड्यात शाळेच्या सगळ्या खिडक्यांना काचा लागल्या. आता कधी मालक शेजारी बसतात, कधी बसत नाहीत. चावी तिच्याकडेच आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे जुने यंत्र कुरकुरत असेल. त्याला भंगार म्हणण्याआधी, आणि ते ज्याच्या हाती आहे त्याला बोल लावण्याआधी, एकदा खाली वाकून पाहा. वाकणे सोपे नसते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मालकांचे गुडघे किती वाजले, ते मी अगदी जवळून ऐकले आहे.