मुठीच्या पलीकडचा हात

दोघे भाऊ जन्मभर एकाच करवतीला लागलेले. लांब पात्याची करवत, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. मध्ये ओंडका, अलीकडे धाकटा, पलीकडे दादा. या कामाचा नियम एकच. आपण फक्त आपल्याकडे ओढायचं. समोरच्याची पाळी आली की हात सैल सोडायचा, पण मूठ सोडायची नाही. ढकललं की पातं वाकतं आणि लाकडात अडकून बसतं. सुरुवातीला दादा सारखा ओरडायचा, "ढकलू नकोस रे, मी आहे ना इकडे." पुढे ते सांगायची वेळच आली नाही. दादा एखादं पद गुणगुणायचा आणि त्या तालावर भुसा पडत राहायचा.

गिऱ्हाईक विचारायचं, "दोघांत जोर कुणाचा जास्त?"

"याचा," दादा म्हणायचा. "मी नुसता मूठ धरून उभा असतो."

"मीही तेच करतो," धाकटा म्हणायचा.

"मग कापतं कोण?"

"ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. मजुरी मात्र आम्हीच घेतो."

हसण्यावारी गेलेल्या गोष्टीसुद्धा देव ऐकून ठेवत असावा.

तो दादा आता दवाखान्यातल्या खाटेवर पडून होता. काम करता करता मेंदूत रक्तस्राव झाला आणि ओंडक्यावरच कोसळला. डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही. त्यात छाती कफाने भरली, श्वास अपुरा पडू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्या सकाळी वहिनीला समोर बसवून विचारलं होतं, घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं, की त्रास कमी करणारी औषधं देत शांतपणे जाऊ द्यायचं? संध्याकाळपर्यंत सांगा.

वहिनीचं म्हणणं सरळ होतं. "ते आत असतील तर मी त्यांना सोडणार नाही, काय वाटेल ते होवो. आणि नसतील, तर या देहाला टोचत बसायचा मला काय हक्क?"

"आत आहे तो," धाकटा म्हणाला. "तुम्ही पाहिलंय, वहिनी."

पाहिलं होतं खरं. धाकट्याने करवतीच्या मुठी काढून एका हलक्या लाकडी पट्टीच्या दोन टोकांना ठोकल्या होत्या. एक मूठ दादाच्या आवळलेल्या पंजात द्यायची, दुसरी आपण धरायची. धाकटा ओढी, दादाचा हात पुढे येई. मग धाकटा हात सैल सोडी आणि पट्टी हळूच दादाकडे परत जाई. येई, जाई. हे पाहिलं त्या दिवसापासून वहिनीच्या पोटात दोन घास जाऊ लागले होते.

डॉक्टरीणबाई त्या दुपारी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून हे बघत होत्या. "पंजा आपोआप आवळतो," त्या म्हणाल्या. "तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलं की ते धरतं ना, तसा."

"आणि परत ओढतो ते?"

बाईंनी पट्टीकडे बोट केलं. "ओढतंय कोण, ते तुम्हीच एकदा नीट बघा." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

"द्या इकडे, मी धरते," वहिनी म्हणाली. तिने ओढलं. दादाचा हात पुढे आला. तिने हात सैल सोडला आणि वाट पाहिली. पट्टी होती तिथेच राहिली.

"तुम्हाला सवय नाही त्याची," धाकटा घाईने म्हणाला. "आमचं आमचं असतं ते."

"मग तुम्ही धरा. मी नुसता हात ठेवते." तिने दिराच्या खांद्यावर पंजा टेकवला.

धाकट्याने डोळे मिटले. दादाचं पद तोंडात आलं. येई, जाई. "बघा," तो म्हणाला, "गेली ना?"

वहिनीने पट्टी अजून दोनदा येऊ-जाऊ दिली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, ढकलताय तुम्ही."

करवतीवरच्या माणसाला याहून वाईट शब्द नाही. "मी? अहो, उभ्या आयुष्यात मी कधी..."

"खांदा पुढे जातोय. तुम्हीच बघा."

या वेळी त्याने दादाच्या पंजाकडे पाहिलं नाही, आपल्या खांद्याकडे पाहिलं. ओढलं. सैल सोडलं, निदान त्याला तसं वाटलं. आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याचाच खांदा, गुपचूप, पुढे सरकताना त्याला दिसला. त्याने तो बळेच थांबवला. पट्टी थांबली.

धाकटा स्टुलावर बसला. "मी खोटं नव्हतो बोलत, वहिनी."

"माहीत आहे मला."

"मला जाणवत होता तो. पलीकडून ओढताना."

"मलाही घरभर जाणवतात," वहिनी म्हणाली. "कढईचा आवाज झाला तरी वाटतं, आले."

माणूस म्हणतो हा माझा हात, हे माझं मन. आणि तो हात आपल्या नाकासमोर काय करतो ते दुसऱ्याने दाखवावं लागतं. धाकटा तळहात उलटसुलट करून बघत राहिला. "माझ्या खांद्याचं मला कळलं नाही. दादाच्या आतलं मी काय सांगणार होतो? तो आहे असं आता म्हणवत नाही. नाही, असंही म्हणवत नाही. तुम्हीच ठरवा."

वहिनी उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "यंत्र नको म्हटलं," ती म्हणाली. "मी ठरवलं, की वरच्याने माझ्याकडून वदवून घेतलं, तोच जाणे. मला काही उमगत नाही."

उरलेला वेळ धाकटा आपली मूठ धरून बसला. ओढलं नाही, ढकललं नाही. दादाने शिकवलं होतं तसा हात सैल आणि मूठ न सोडता. दिवस कलता कलता दादाचा श्वास लांब लांब जाऊ लागला आणि एकदा गेला तो परत आला नाही. पंजा आपोआप उघडला. पट्टी चादरीवर आडवी पडली.

वहिनीने ती उचलली. "त्यांची मूठ त्यांच्याबरोबर जाऊ दे. कुठली त्यांची?"

धाकट्याने पट्टी हातात घेतली. एका मुठीवर बोटं बसवून पाहिली, मग दुसरीवर. दोन्ही सारख्याच झिजलेल्या, दोन्ही त्याच्या हातात चपखल बसत होत्या.

"दोन्ही ठेवा त्याच्याबरोबर," तो म्हणाला.