शेवटच्या गल्लीचा पाइप

मी एक जुना पाण्याचा पाइप आहे. जुना वयाने, कामाला मी अजून लागलेलोच नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. कारखान्यात मला ओतलं, पाण्याचा दाब देऊन तपासलं. मी पास झालो तेव्हा काय ऐट होती माझी! मग ट्रकमधून दिवा गावाला आलो. चढावरच्या शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी मला उतरवलं.

"आता घरात पाणी येणार गं!" तिथल्या मंजुळामावशी शेजारणीला म्हणाल्या. तोवर त्यांची गल्ली टँकरवरच जगत होती.

पण मित्रांनो, पाइप आले तरी ते टाकायचं कंत्राट कुणालाच दिलेलं नव्हतं! निविदा उघडली. सर्वांत कमी दर विनीतशेठ ठेकेदारांचा, आणि तोही सरकारी अंदाजापेक्षा बराच वर. मग वाटाघाटी सुरू झाल्या. मी नुसता तळमळत पडून. माझ्यावर कपडे वाळले, कोंबड्या बसल्या. ज्याला जमिनीखाली जायचंय, त्याने किती वाट पाहायची?

एकदा इंजिनीअर ऋजुता मॅडम विनीतशेठना घेऊन पाहणीला आल्या.

"मॅडम, ही गल्ली सोडा ना. खाली सगळा कातळ आहे. ही काढा, दर लगेच खाली आणतो."

"दर कमी करा, काम नाही. निविदेत ही गल्ली आहे."

"मग काढा परत निविदा!"

"काढीन."

मंजुळामावशी पुढे आल्या. "ओ मॅडम, आमच्यापायी बाकीच्यांचं नका अडवू." मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

मॅडम हटल्या नाहीत. शेवटी विनीतशेठच नमले: पूर्ण काम, कमी दर. पण मंजुरीच्या सह्या व्हायला आणखी महिना गेला. त्या महिन्यात टँकर मागे घेताना चाक माझ्या अंगावरून गेलं. कुणी खाली उतरून पाहिलंसुद्धा नाही.

खोदाई झाली. मुकादमाने एकेका पाइपावर हातोडी मारून पाहिली. बाकीचे खणखणीत वाजले. मी बद्द वाजलो.

"हा तडकलाय. बाजूला ठेवा."

पाणी आलं. मंजुळामावशींच्या दारापासून एका पाइपाच्या अंतरावर थांबलं. तेवढी जागा माझी होती. नव्या पाइपासाठी आता पुन्हा मंजुरी लागते म्हणे.

मित्रांनो, दरासाठी भांडा, जरूर भांडा. पण तोवर रस्त्यावर ठेवलेल्या वस्तूभोवती चार दगड तरी रचा. मंजुळामावशी अजून टँकरची वाट पाहतात, माझ्यावर बसून.