चार आण्यांची खूण

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी मापकाठी आहे. सोलापुरातल्या एका कापड कारखान्यात इंजिनाच्या तेलाची लोखंडी टाकी होती. पिंपासारखी गोल, पण आडवी निजवलेली. तिच्यात मला सोडून, ओली रेघ पाहून तेल किती उरलं ते सांगत. भरली टाकी म्हणजे सोळा आणे. धोंडीराम सुताराने माझ्यावर सोळा सारख्या खुणा कोरल्या. खंडेनवमीला मला हळदकुंकूही लागे. काठीला याहून मोठा मान नसतो.

चूक तिथेच होती. आडव्या गोल टाकीचं पोट रुंद आणि तळ अरुंद. मी चार आणे सांगे, तेव्हा आत जेमतेम तीन असत. आणाभर तेल जाई कुठे? मॅनेजर शरच्चंद्र पदवीधर होते. त्यांनी लगेच ताडलं की राखणदार सिदू चोर आहे.

"साहेब, म्या न्हाय घेतलं! टाकीतच कायतरी हाय. तळाचं तेल पितंय. कान लावा की, आवाज येतुया."

"मग त्याला बाहेर काढून दाखव. नाहीतर संध्याकाळी चौकीत चल."

आवाज मीही ऐकला होता. तेलाचाच असेल, अशी मी मनाची समजूत घाली.

मॅनेजरांनी गणिताचे वेणीमाधव मास्तर बोलावले. मास्तरांनी डब्यांनी मोजून बरोबर चार आणे तेल टाकीत भरवलं आणि मला घेऊन कचेरीत बसले. त्यांना असा कोन हवा होता की त्यातून त्याचीच ज्या, म्हणजे साइन, वजा केली की ठरलेली संख्या उरावी. त्याला सरळ सूत्र नाही. अंदाज धरायचा, कोष्टकात ज्या पाहायची, ती त्या संख्येत मिळवायची, की नवा अंदाज. पहिला ओरखडा खाली पडला, दुसरा वर, तिसरा पुन्हा खाली. अंधारात दोन्हीकडून कुणीतरी एकाच जागी चालत यावं, तसे ते माझ्या अंगावर जवळ येत होते.

"मास्तर, सिदू चोर की नाही?" मॅनेजरांनी विचारलं.

"खूण पक्की होऊ द्या. अर्धवट उत्तर मी देत नसतो."

तिसरा ओरखडाही चार आण्यांच्या जुन्या खुणेच्या वरच होता; म्हणजे चूक खुणांची होती आणि सिदू तिथेच सुटला होता. मास्तर मात्र केसाइतक्या फरकामागे लागले.

दुपारी ते मला घेऊन टाकीवर आले. झाकण उघडं होतं. शेजारी सिदूच्या वहाणा होत्या. मास्तरांनी मला आत सोडलं. तेल नव्या खुणेच्या जवभर वर आलं.

"तेल वाढलं कसं?" मास्तर पुटपुटले. "ज्या चुकीची घेतली वाटतं." आणि पुन्हा कोष्टक उघडून बसले.

माझं टोक लोखंडाला टेकलं होतं. अंगाला लागून मात्र काहीतरी मऊ होतं. पण काठीला तोंड नसतं.

मित्रांनो, मापं जपा, खुणा तपासून घ्या. पण कुणी टांगणीला लागला असेल, तर जवळपासचं उत्तर आधी सांगून टाका. बारकावा मागाहून करता येतो.

मास्तरांची खूण मात्र अगदी बिनचूक निघाली. सिदूला बाहेर काढल्यावर तेल बरोबर तिच्यावर येऊन थांबलं.