मंडळाची शिल्लक

बँकेतल्या चिराग सक्सेनाने संगणकाचा पडदा देविकाकडे वळवला.

"मॅडम, अंकलच्या बचत खात्यात दोन लाख पाच हजार आहेत," तो हिंदीत म्हणाला. "दोन हप्ते थकलेत आणि खात्यात एवढी रक्कम पडून आहे. हप्ता कमी करा, असं मी वर कोणत्या तोंडाने लिहू?"

देविकाने आकडा दोनदा वाचला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून कोणतंही माप दोनदा घ्यायची तिला सवय होती. आकडा तोच राहिला. शेजारी बाबा, म्हणजे भालचंद्र, छताकडे बघत बसले होते.

घराचं कर्ज बाबांच्या पगारावर आणि आईच्या पगारावर घेतलं होतं. बाबा दिल्लीतल्या केंद्रीय मंत्रालयातून निवृत्त झाले, आई ज्या प्रकाशकाकडे काम करायची त्याने दुकान गुंडाळलं, आणि पंचेचाळीस हजारांच्या पेन्शनमधून अठ्ठावीस हजार चारशेचा हप्ता भरायची वेळ आली. आठ वर्षांऐवजी तेरा वर्षांत फेडायचं ठरलं, तर हप्ता एकवीस हजार एकशे तीस होत होता. तो देविकाने स्वतः काढला होता. तिसरा हप्ता चुकला, तर दिल्लीजवळच्या इंदिरापुरमच्या फ्लॅटवर नोटीस लागणार होती.

"बाबा, हे पैसे कुठले?" तिने बाहेर रिक्षात विचारलं.

"आपले नाहीत ते."

"मग कोणाचे?"

"मंडळाचे."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून कापडी बांधणीची वही काढली. दिल्लीत लक्ष्मीबाईनगरच्या सरकारी क्वार्टरांत मराठी मंडळींचा गणपती बसायचा. देविका चौदा वर्षं त्या मांडवात वाढली होती. मंडळाची ना नोंदणी होती, ना वेगळं खातं. उत्सव संपला की उरलेली रक्कम पुढच्या खजिनदाराच्या हातात द्यायची, वहीत 'श्री शिल्लक' लिहून नवं पान सुरू करायचं, एवढाच कायदा. खजिनदाराची बदली झाली की वही आणि पैसे दुसऱ्या घरी जात. आधीचे खजिनदार अण्णासाहेब, त्यांच्याकडून ते बाबांकडे आले, आणि पुढच्याच वर्षी नव्या इमारतींसाठी कॉलनी रिकामी करण्याचा आदेश निघाला. कोणी नागपूरला गेलं, कोणी पुण्याला, कोणी नोएडाला. बाबांकडून पैसे घ्यायला कोणी उरलंच नाही.

देविका पानं उलटत गेली. दर तिमाहीला बाबांनी मंडळाच्या पैशांवरचं व्याज वेगळं काढून जमा धरलं होतं. बँकेने दर कमी केला त्या तिमाहीत त्यांनीही कमी केला होता. पैशापर्यंत बरोबर.

"एक लाख शहाण्णव हजार तीनशे चाळीस. म्हणजे आपले फक्त नऊ हजार," ती म्हणाली.

"नऊ हजार दोनशे बारा," बाबांनी दुरुस्ती केली.

आई आतून म्हणाली, "अगं, दोन हप्ते भरून टाका त्यातले आणि मोकळे व्हा. मंडळ आहे कुठे आता?"

"बैठक झालेली नाही, एवढंच. मंडळ मोडलं असं कोणी ठरवलेलं नाही."

"मग बोलवा ना बैठक. तुम्ही अध्यक्ष, तुम्हीच सभासद, चहा मी करते."

बाबांनी जरा विचार केला. "देविकाच्या खात्यात टाकले तर?"

"बाबा, कर्जावर जामीन म्हणून माझी सही आहे. ते माझंही खातं बघणार. आणि ती लबाडी होईल," देविका म्हणाली.

"हो, ते आहेच," बाबा म्हणाले आणि खजील होऊन वही झाकून बसले.

मग देविकाने नागपूरला अहिल्याकाकूंना फोन लावला. काकू शेवटच्या चिटणीस. डी-दोनमध्ये राहायच्या. त्यांच्या ओट्यावर नाटकाच्या तालमी व्हायच्या आणि कोणाला वाक्य आठवलं नाही, तर काकू आतून पोळी लाटता लाटता सांगायच्या.

"भालचंद्रराव, तुम्ही अजून ते पैसे सांभाळताय?" स्पीकरवर काकूंचा आवाज घरभर झाला. "तुम्ही खजिनदार होतात त्या वर्षी प्रसादाचा पेढा निम्मा झाला होता. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस शिल्लक टाकणार."

"तुम्ही घ्या ना ताबा, अहिल्यावहिनी."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझीच शिल्लक किती, देव जाणे. तुम्ही वापरा हो खुशाल. मी पत्र देते तसं."

"तसं नको. ते मंडळाचे आहेत, असं पत्र द्या."

मग काकू सावकाश म्हणाल्या, "देते. आणि ऐका, माझ्या भाचीला त्याच जागी नव्या टॉवरमध्ये क्वार्टर मिळालंय. स्वरूपा. ती आणि तिथल्या पोरी यंदा गणपती बसवायचा म्हणतायत. वर्गणीसाठी लिफ्टने वर-खाली करून दमल्यात."

दुसऱ्या दिवशी चिरागने काकूंनी फोनवर पाठवलेल्या पत्राची प्रत बाजूला ठेवली. "पत्र कोणीही लिहून देईल, मॅडम." मग वही ओढून घेऊन तो खर्चाचे आकडे तपासू लागला. एका पानावर थांबला.

"हे काय? दर वर्षी पुण्याहून दिल्लीचं एक रेल्वे तिकीट. प्रवासी मोरेश्वर. वय पंचावन्न. हे कोण? तुमचे नातेवाईक?"

बाबांचे कान लाल झाले. "गणपती," ते हिंदीत म्हणाले. "मूर्ती पुण्याहून आणायचो. मांडीवर धरून सव्वीस तास कोण बसणार? म्हणून त्यांच्यासाठी खालचा बर्थ घ्यायचो."

"तिकीट तपासनीस काय म्हणायचा?"

"पहिल्या वर्षी रागावला. मग त्याने हात जोडले आणि यादीत हजर असल्याची खूण केली."

चिराग हसू दाबत होता, पण ते त्याला जमलं नाही. देविकाला ते दिवस लख्ख आठवले. नवी दिल्ली स्टेशनवर पहाटे अख्खी कॉलनी जमायची. हमाल मूर्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त आपल्या पोराचं डोकं तिच्या पायांशी टेकवून घ्यायचे. परतताना स्कूटरवर अण्णासाहेब मागे बसून मूर्तीवर छत्री धरत. ऊन असो, नसो.

"अंकल, असा हिशेब खोटा कोणी लिहिणार नाही," चिराग म्हणाला. "अर्ज मी पुढे पाठवतो. मंजूर होईल. पण महिनाअखेरीच्या आत ही रक्कम मंडळाकडे गेलेली दिसली पाहिजे, आणि घेणाऱ्याची पावती हवी. खात्यात राहिली, तर ती तुमचीच धरावी लागेल."

रविवारी बाबा आणि देविका लक्ष्मीबाईनगरला गेले. बाबा फाटकाशी उभे राहिले आणि नुसते इकडेतिकडे बघत राहिले. चौदा मजले, काच, खाली गाड्यांसाठी तळघर. मांडव पडायचा ती हिरवळ कुठे होती ते ठरवायला त्यांना एक जुना कडुनिंब हवा होता, तोही सापडेना.

स्वरूपा तीन बायकांना घेऊन खाली आली. बाबांनी बाकावर वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. रक्कम नाही, नावं. ज्यांनी ज्यांनी वर्गणी दिली त्यांची, क्वार्टरच्या नंबरासकट. बी-चारचे मुखर्जी, जे आरतीत सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत. सी-सातच्या सलमाबाई, दर वर्षी एक्कावन्न रुपये. अण्णासाहेब. पोरी आधी घड्याळाकडे बघत होत्या. मग एकीने पर्स खाली ठेवली.

वाचून झाल्यावर बाबांनी स्वरूपाच्या नावाचा धनादेश दिला, पावतीवर चौघींच्या सह्या घेतल्या आणि वही तिच्या हातात ठेवली. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना क्षणभर कळेना.

"काका, आरतीला याल ना?" स्वरूपाने विचारलं.

"वर्गणी किती ठेवलीय?"

"पाचशे. पण तुमच्याकडून कशी घेणार?"

"घ्या," बाबा म्हणाले. "दोनशे घ्या सध्या. बाकीचे जमतील तसे देईन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि तिने रीतसर पावती फाडली.